कोशाचं लुगडं

नवा कोसा अंगाला लगेच बसत नाही. हातात घेतला की चरचरतो, निऱ्या धरताना अडतो, पदर खांद्यावरून घसरत राहतो. दोन-चार धुण्यांत त्याची खळ निघून जाते आणि मग वर्षागणिक तो मऊ होत जातो. पाच-सहा वर्षं नेसलेल्या कोशाला जी झळाळी येते, ती दुकानातल्या घडीला नसते. नागभीडचा एक म्हातारा विणकर म्हणायचा की मी लुगडं अर्धंच विणतो, उरलेलं नेसणारी विणते. मोठाईला हे बोलणं इतकं आवडायचं की पुढे ती ते स्वतःचंच असल्यासारखं सगळ्यांना ऐकवायची.

मोठाई म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. माहेर आणि सासर दोन्ही नागभीड तालुक्यातलं. आई लग्न होऊन उमरेडला आली, मोठाई मात्र झाडीपट्टी सोडून कुठं गेली नाही. मागच्या फाल्गुनात ती गेली. तेव्हापासून तिच्याबद्दल लिहावं असं सारखं वाटतं आहे आणि लिहायला बसलं की आधी तिचं ते करवतकाठी लुगडंच समोर येतं.

नागभीड म्हटलं की बाहेरच्या माणसाला रेल्वेचं जंक्शन आठवतं. आम्हाला कोसा आठवतो. हा रेशीमधागा घरात तुतीच्या पानांवर वाढत नाही. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात ढिवर समाजाची माणसं त्याच्या अळ्या वाढवतात. गडचिरोलीतलं आरमोरी हे त्याचं मोठं ठिकाण. अळ्या झाडावर सोडल्या की माणसानं झाडाखालीच मुक्काम टाकायचा. पाखरं हाकलायची, मुंग्यांवर नजर ठेवायची, एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. महिना-दीड महिना हे असं चालतं. मग डहाळीला देठानं लटकलेले टणक कोष उतरवायचे, सोड्याच्या पाण्यात उकळायचे आणि धागा काढायचा. पूर्वी बाया तो उघड्या मांडीवर वळत. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या बाईच्या मांडीची कातडी कशी होते ते मी लहानपणी पाहिलं आहे. आता त्यासाठी यंत्रं आली आहेत, ती आली हे फार बरं झालं.

एवढं झाल्यावर तो धागा कोष्ट्याच्या मागावर चढतो. करवतकाठी लुगड्याचं अंग कोशाचं आणि काठ सुती. काठाच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. त्यासाठी तीन धोटे लागतात आणि ते फिरवायला पुष्कळदा घरातलं आणखी एक माणूस मागाशी बसतं. इतक्या हातांतून आलेल्या वस्तूची भीती वाटणं साहजिक आहे. आईला ती आयुष्यभर वाटली, मोठाईला कधीच वाटली नाही.

आईचं लग्न सत्तरच्या दशकातलं. मोठाईच्या लग्नात आबाजींचा, म्हणजे या दोघींच्या वडिलांचा, हात आखडता होता, तिला सुती लुगड्यावरच निभवावं लागलं होतं. ती खंत त्यांच्या मनात राहिली असावी. धाकटीच्या लग्नाच्या वर्षी धान चांगलं झालं. धान विकून त्यांनी एकाच विणकराकडून दोन करवतकाठी घेतली, एक नवरीला आणि एक थोरलीला. रंग तोच, कोशाचा मूळचा मधासारखा. काठ तेवढे वेगळे. आईचा लाल, मोठाईचा हिरवा.

आईनं ते लग्नात नेसलं, पुढे सणावाराला एकदोनदा नेसलं असेल. मग जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून पेटीच्या तळाशी ठेवलं. आम्हा पोरांना ते वर्षातून एकदा, तेही लांबून दाखवलं जायचं. हात धुऊन या, असं आई म्हणायची. हात धुऊन आलो तरी हात लावू द्यायची नाही.

मोठाईचं लुगडं मात्र मंडईला जायचं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या होळीपर्यंत गावं घेत फिरतात आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. बाया पोती अंथरून मंडपात बसतात. मोठाई पोत्यावर बसायची ती कोशाचं लुगडं नेसून. मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं पोरगं, पदरात शेंगा, त्याच पदराचं टोक डोळ्यांना. रडकं नाटक असलं की ती मनापासून रडायची. चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जायची तेव्हाही अंगावर तेच. झरपट नदीवरून परत येताना ते लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालेलं मी पाहिलं आहे. आई हळहळली होती, "ताई, असं कोणी नेसते का कोसा?"

"मंग कसा नेसते?" मोठाईनं विचारलं. आईजवळ उत्तर नव्हतं. मोठाईच पुढे म्हणाली, "धानाले पाणी लागते, बैलाले वैरण लागते. लुगड्याले आंग लागते, बाई."

त्या लुगड्याच्या पदरावर एक गडद ठिपका होता. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला येणारी छोटी गाडी तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चालायची. आमच्याकडून परत जाताना मोठाई खिडकीशी बसली होती. मी सुट्टीत तिच्यासोबत निघाले होते. एक ठिणगी आत आली आणि पदरावर बसली. जळक्या केसांसारखा वास सुटला. रेशीम जळताना तसाच वास येतो, सुती कापडासारखं ते भडकत नाही. मोठाईनं दोन बोटांनी ठिणगी चुरडली. तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. डब्यातल्या बायांनी केवढा आकांत केला! कुणी पदर हातात घेऊन पाहिला, कुणी इंजिनवाल्याला शिव्या दिल्या. मोठाईनं पदर खोचला आणि भिवापूर येईपर्यंत आधीची गोष्ट पूर्ण सांगितली. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्या विणकराकडे गेली. त्यानं पदर उजेडात धरला, कपाटातून कोशाच्या धाग्याची लडी काढली, भोकाच्या कडेचे धागे सुईनं एकेक उचलले आणि त्यांत नवा धागा भरला. लडी थोडी गडद होती, म्हणून तो ठिपका राहिला. पैसे घेतले नाहीत. पुढे कुणी त्या ठिपक्याबद्दल विचारलं की मोठाई कौतुकानं सांगायची, "हे आपल्या गाडीचं हाय."

ती निष्काळजी होती असं कुणी समजू नये. लुगडं ती स्वतः रिठ्याच्या पाण्यात धुवायची, कधी पिळायची नाही, सावलीत वाळवायची. घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडायची, कारण विणकरानं तसं सांगितलं होतं. पावसाळा सरला की दोरीवर टाकून वारं द्यायची. एखाद्या वस्तूची इतकी काळजी घेणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. पण काळजी धुताना आणि वाळवताना. नेसल्यावर ती लुगड्याला विसरून जायची.

आणि ते लुगडं तिच्या एकटीचं कधी नव्हतंच. मोहल्ल्यात कुणाच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार असले की त्या घरची बाई मोठाईच्या दारात यायची. मोठाई विचारायची एवढंच की पोरगी उंचीला केवढी आहे. मग स्वतः जाऊन नेसवून द्यायची. तिच्या आळीतल्या कितीतरी मुली त्या हिरव्या काठाच्या लुगड्यात पाटावर बसल्या, खाली मान घालून चहाचे कप घेऊन आल्या. लुगडं परत यायचं तेव्हा कधी त्यावर चहा सांडलेला असायचा, कधी हळदीचं बोट लागलेलं. मोठाई आधी विचारायची, जमलं का?

याच नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथले दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट मोठाईच्या घरी धान निवडताना हमखास निघायची. आमच्या भागात त्यांचं नाव माहीत नाही असं घर नसेल. शाळा नावापुरती, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि पुढच्या हंगामात पेरल्या. रानडुकरांच्या भीतीनं भोवती काटेरी झुडपांचं कुंपण केलं. दर वर्षी निवड करत राहिले. त्यातून जे बारीक, चवदार धान आलं त्याला तेव्हा घराघरांत मिरवल्या जाणाऱ्या घड्याळावरून एचएमटी नाव पडलं आणि ते राज्याबाहेरही पोचलं. हे बियाणं त्यांनी लोकांना वाटलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तोवर आणखी कितीतरी वाणं त्यांच्या हातून तयार झाली होती आणि हाती पैसा मात्र फारसा नव्हता, याचं दुःख या भागातल्या प्रत्येक धानवाल्याला आहे. मला सारखं वाटतं ते त्या पहिल्या मूठभर लोंब्यांबद्दल. दीड एकरवाल्या माणसाला असं काही सापडतं तेव्हा ते गाडग्यात बांधून आढ्याला टांगावं असंच वाटेल. मातीत घातलं तर कुजेल, वाहून जाईल, डुक्कर खाईल. पण टांगून ठेवलेलं बी दोन-तीन वर्षांत उगवायचं थांबतं. दादाजींनी कुंपण केलं, पण आधी पेरलं.

मोठाईचं लुगडंही असंच पेरलं गेलं. वीस-पंचवीस वर्षांनी त्याचा पदर विरला. मग तिनं विरलेला भाग कापून टाकून ते पाचवारी केलं. पुढे तेही फाटलं, तेव्हा मधल्या चांगल्या कापडाची नातवंडांना दुपटी झाली. माझ्या मुलालाही त्यातलंच एक मिळालं. बाळंतिणीच्या खोलीत ती दुपटी इतक्यांदा धुतली गेली की शेवटी हातात घेतलं तर आहे की नाही कळू नये इतकी तलम झाली होती. काठाच्या पट्ट्यांचं देवाच्या पोथीला बासन झालं. उरलेल्या चिंध्या गोधडीच्या पोटात गेल्या. आणि गोधडीही एका थंडीत कुणा वाटसरूला दिली गेली.

म्हणून मोठाई गेली तेव्हा तिचं असं काहीच उरलं नव्हतं. पेटी उघडली तर चार सुती लुगडी, एक स्वेटर, बँकेचं पासबुक, सुपारीचा डबा. कुणीतरी म्हणालंसुद्धा की हिनं काही ठेवलं नाही. मला ते वाक्य लागलं. खरं सांगायचं तर मलाही काहीतरी हवं होतं. हातात धरता येईल असं, पदराचा हातभर तुकडा चालला असता, तो ठिपका असलेला असता तर अजून काही मागितलं नसतं. माणूस गेल्यावर वस्तू हवीशी वाटते ती याचसाठी आणि या हवंसं वाटण्याला मी खोटं ठरवणार नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. काका केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावानं ते उभं केलं आणि त्यासाठी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, करंडे, पेट्या, घरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या. तिथले अडकित्ते मी बराच वेळ पाहत उभी होते. मुठीचा भाग झिजलेला, पातं वर्षानुवर्षांच्या धारेनं बारीक झालेलं. कुणाच्या तरी हातात रोज असल्याशिवाय लोखंड असं झिजत नाही. त्या संग्रहात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही झीज.

तेरवीला आळीतल्या बाया आल्या. सासरी गेलेल्या, आता स्वतः सुना-नातवंडांच्या झालेल्या. एकेक जण आईजवळ बसायची आणि तेच सांगायची. मला पाहायला आले तेव्हा काकूंचं लुगडं नेसले होते. माझ्या बहिणीलाही तेच नेसवलं होतं. एक जण ब्रह्मपुरीहून आली होती. तिनं सांगितलं, "पाहुण्यांनी नाही म्हटलं तर मी रडत लुगडं परत द्याले गेली. काकूनं ते घेतलंच नाही. म्हणे, ठेव तुह्याजवळ, पुढच्या आठवड्यात दुसरे येनार हायत नं." हे आम्हाला घरच्यांनाही माहीत नव्हतं. मोठाईनं हे कधी सांगितलं नव्हतं.

उमरेडला परत आल्यावर आईनं तिची पेटी उघडली. मी काही बोलले नव्हते, तिनं आपणहून उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. धोतराचं फडकं सोडलं तर आत लाल काठाचं करवतकाठी तसंच्या तसं, आबाजींनी आणलं त्या दिवसासारखं. "ताईचं होतं तसंच हाय नं हे," आई म्हणाली. "एकदा नेसून पाहातो." तिनं घडी उलगडायला सुरुवात केली आणि पहिल्याच मोडीवर कापड कापलं गेल्यासारखं दुभंगलं. दुसऱ्या मोडीवरही तसंच. कित्येक वर्षं घडी त्याच रेषेवर दाबून राहिली की रेशमाचे धागे तिथं तुटतात. मोडींच्या मधलं कापड चांगलं होतं. काठ चांगला होता. पण नेसता येईल असं लुगडं त्यात राहिलं नव्हतं.

आईला मी दोष देत नाही आणि दुसऱ्या कुणी दिलेला ऐकूनही घेणार नाही. जिच्या घरी वर्षाला दोन लुगडी यायची आणि दुसरं येईपर्यंत पहिलं शिवून शिवून नेसावं लागायचं, तिला कोसा अंगावर घालून स्वयंपाकघरात जाणं कसं जमावं? पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसणाऱ्या माणसाचं जपणं असंच असतं. मोठाईचीही गरिबी तीच होती. तिची धडाडी कुठून आली ते मला अजून कळलेलं नाही. मला एवढंच दिसलं की आई त्या दुभंगलेल्या घडीवर हात ठेवून बराच वेळ बसून होती आणि ती लुगड्यासाठी रडत नव्हती. दोघी बहिणींनी एकसारखी लुगडी नेसून एका मंडपात बसायचं राहून गेलं होतं. आबाजींनी दोन आणली होती ती बहुधा त्यासाठीच.

पुढचं सांगण्यासारखं आहे. मोडींच्या मधले चांगले पट्टे मी नागभीडला घेऊन गेले. तो म्हातारा विणकर आता नाही. मुलानं माग काही वर्षं चालवला. आता तो दुसऱ्या कामाला जातो आणि हंगामात एखादं लुगडं विणतो. पट्टे पाहून तो म्हणाला की हे आमच्या बाबांच्या हातचं आहे, दाते पाहूनच ओळखतो. मग त्यानं एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. लोक कोसा घेतात आणि कपाटात ठेवतात, असं तो म्हणाला. ठेवलेलं फाटत नाही, फाटलं तरी कळत नाही, म्हणून मग दुसरं घ्यायला कुणी येत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी बाया लुगडं विरलं म्हणून दारात यायच्या. करवतकाठीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, प्रदर्शनं भरतात, फोटो निघतात. नागभीडच्या आळीत माग वाजायचे ते आवाज मात्र लहानपणी ऐकू येत तसे येत नाहीत. आमची छोटी गाडीही नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या लाईनच्या कामासाठी बंद झाली.

विणकरानं ते पट्टे कोशाच्याच धाग्यानं जोडून दिले. त्यातून एक ओढणी झाली. जोड दिसतात, ते लपवू नको असं मीच सांगितलं होतं. आई ती रोज घेते. भाजी आणायला, देवळात, संध्याकाळी ओट्यावर बसताना. एका टोकाला फोडणीच्या तेलाचा डाग पडला आहे आणि तिनं तो आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली आहे.

ज्यांच्या कपाटात कोसा किंवा पैठणी आहे त्यांना माझी विनंती आहे. आज ती बाहेर काढा, डांबराच्या गोळ्या काढून टाका, प्लास्टिकची पिशवी असेल तर तीही काढा. घडी उलगडून सावलीत दोरीवर टाका. मोडीवर धागे शाबूत असतील तर येत्या लग्नाची वाट पाहू नका, याच आठवड्यात नेसा. आणि नेसून नेसून ती विरली की नागभीडला या. अजून विणून देणारे हात इथं आहेत.